कॉम्प्युटर रूमच्या दाराबाहेरच्या चपला

भूत, करणी, मुंजा, हडळ यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. आमच्या घरात देव्हाराच नव्हता. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि "कुणी सांगितलं म्हणून खरं मानायचं नाही" हे वडिलांचं पालुपद, एवढ्यावर आम्ही भावंडं वाढलो. शेजारच्या काकू दर अमावस्येला दाराला लिंबू-मिरची बांधायच्या. त्यांना मी म्हणायचे, काकू, उन्हाळा आहे, लिंबू सरबताला द्या की! या सदरातले अनुभवसुद्धा मी चहा घेता घेता वाचायचे आणि खुसुखुसू हसायचे. आता स्वतःच लिहायला बसले आहे... तेव्हा तुम्ही हसलात तर मला रागवायचा काडीचा अधिकार नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, त्याच्या शेवटाकडची. मी सांगलीला एका दूध संघात कॉम्प्युटर विभागात होते. विभाग म्हणजे मी, एक प्रिंटर आणि प्रिंटरवर घालायचं प्लास्टिकचं कव्हर. संघाचं काम वाढलं होतं आणि मोठं यंत्र घेण्याची ऐपत नव्हती. त्याच सुमारास काही कंपन्या एक नवीन टूम घेऊन फिरत होत्या. मोठा कॉम्प्युटर त्यांच्याकडेच राहणार, आपण टेलिफोनच्या लाइनवरून त्यातला एक हिस्सा भाड्यानं वापरायचा. एकाच यंत्राचे आतल्या आत कप्पे पाडलेले, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटावं की अख्खं यंत्र आपलंच. चाळीतल्या खोल्यांसारखं, फक्त शेजारी भांडलेला ऐकू येत नाही.

पुण्याची एक, कोल्हापूरची एक आणि साताऱ्याची एक, अशा तीन कंपन्या आमच्याकडे आल्या. कुणाकडे काय सोय आहे याचा तुलनेचा तक्ता करायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. शेजारच्या कप्प्यातलं काम लटकलं तर आपलं लटकतं का? लाइट गेली तर काय? मराठीत छापता येतं का? असले प्रश्न. विक्रीला येणारे लोक तुम्हाला माहीतच असतील... काहीही विचारा, "आहे ना मॅडम, सगळं आहे!" म्हणून मी प्रत्येकापुढे तीन रकाने आखले होते — "आहे", "नाही" आणि "नुसता बोलतो". तिसरा रकाना सगळ्यात आधी भरला.

साताऱ्याची कंपनी मात्र बरी वाटत होती. त्यांनी आम्हाला एक कप्पा वापरून बघायला दिला होता, सहा नंबरचा. तो प्रत्यक्ष तपासायला मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळच्या एसटीनं मी साताऱ्याला गेले.

पोवई नाक्याच्या खालच्या बाजूला एक जुनी इमारत होती. तिथे पूर्वी बँक असायची. बँक दुसरीकडे गेली, तिची तिजोरीची खोली या कंपनीनं घेतली आणि तिथेच कॉम्प्युटर रूम केली. यंत्र महाग, चोरीची भीती, भिंती हातभर जाड, त्यामुळे खोली आयतीच मिळाली. दार लोखंडी. आणि त्याला आतून कडी नाही, मूठ नाही, काहीच नाही. मी ऑपरेटरला विचारलं, तर तो हसला. कदम त्याचं नाव. माझ्याच वयाचा, केसांना तेल लावून चापून भांग पाडणारा. म्हणाला, "मॅडम, तिजोरी आतून कोण उघडणार?"

आता तेव्हाच्या कॉम्प्युटर रूमचा रिवाज तरुण वाचकांना माहीत नसेल, म्हणून सांगते. आत जायचं ते चप्पल बाहेर काढून, अगदी देवळात गेल्यासारखं. धूळ यंत्राला चालत नाही म्हणायचे, पण खरं तर तो मानच होता. आत किती माणसं आहेत, कोण आहे, हे बाहेरच्या चपलांवरूनच कळायचं. साहेब आत आहेत की नाहीत हे बघायला कुणी दार उघडत नसे, बूट बघत. मीही माझ्या निळ्या पट्ट्याच्या चपला दाराबाहेर काढल्या.

"पर्स पण बाहेर ठेवा मॅडम. डबा, पाणी, काही आत नाही," कदम म्हणाला आणि त्यानं बाहेरच्या टेबलाचा खण उघडला.

पर्समध्ये माझा पंप होता. मला दमा आहे. पण हे तेव्हा आई, मी आणि आमचे डॉक्टर सोडून कुणालाही माहीत नव्हतं, कारण घरात माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. "दम्याचं कुठं म्हणजे कुठं बोलायचं नाही," असं आईनं शपथेवर बजावलं होतं. पंप ओढणीच्या आड घ्यायचा, खोकला आला तर धूळ आहे म्हणायचं. त्यामुळे "औषध आत न्यावं लागेल" हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. पर्स खणात गेली, खण बंद झाला.

कदमनं सकाळभर सगळं नीट दाखवलं. शेवटी म्हणाला, "आता आमची खासियत बघा." यंत्र दर थोड्या वेळानं प्रत्येक कप्प्याची हुबेहूब नक्कल करून ठेवायचं. त्यानं माझ्यासमोर सहा नंबर बंद पाडला, धाडकन. मग नकलेवरून पुन्हा उभा केला. मी अर्धवट टाइप केलेलं वाक्य जिथे होतं तिथेच, पुढचं अक्षर टाइप व्हायची वाट बघत.

"आत बसलेल्याला पत्तासुद्धा लागत नाही की आपण मधे मेलो होतो," कदम अभिमानानं म्हणाला.

"आणि पहिला बंद न करताच नक्कल चालू केली तर?"

"तसं करायचं नाही, मॅडम. दोन्ही म्हणणार मीच खरा. एकाला थांबावं लागतं."

मी तक्त्यात "आहे"च्या रकान्यात खूण केली.

शनिवारी त्यांचं ऑफिस अर्धा दिवस. कदम म्हणाला, मी बाहेर जरा आवराआवर करतो, तुम्ही तुमचं उरकून या. यंत्राच्या मागच्या बाजूला जाऊन मी जमिनीवर बसले. किती लाइनी जोडल्यात, खरंच जोडल्यात की नुसत्याच लोंबतायत, हे बघायचं होतं. जित्याची खोड! मागे एसीचा आवाज असा, की कानाशी कुणी ओरडलं तरी कळू नये.

तेवढ्यात आतले दिवे गेले. मला वाटलं, लाइट गेली. मग हवेत कसलासा दाब आला, कान दडपल्यासारखे झाले. उठून पुढे येईपर्यंत दार बंद झालेलं होतं.

पहिल्यांदा मी हसले, खरंच. दारावर थाप मारली, "अहो कदम!" म्हटलं. मग जोरात म्हटलं. मग दोन्ही हातांनी दार बडवलं. त्या दारावर हात मारणं म्हणजे डोंगराला गुदगुल्या करणं. आवाज माझा मलाच नीट येत नव्हता.

काय झालं होतं ते नंतर कळलं, इथेच सांगून टाकते. शनिवारी दुपारी झाडणाऱ्या मावशी पॅसेज धुवून काढायच्या. पाण्यात भिजू नयेत म्हणून त्यांनी माझ्या चपला उचलून जिन्याच्या खिडकीत ठेवल्या. कदम आला, त्यानं रिवाजाप्रमाणे दाराबाहेर बघितलं — चपला नाहीत. म्हणजे मॅडम गेल्या. न सांगता गेल्या, सांगलीच्या लोकांना रीत नाही, असंही मनात म्हणाला असेल. बाहेरचं बटण बंद केलं, दार लोटलं, कुलूप घातलं आणि गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

थोड्या वेळानं खरोखरची लाइट गेली. एसी घरघरत बंद पडला. आणि तेव्हा मला समजलं की त्या खोलीला खिडकी नाही, झरोका नाही, आत येते ती हवा फक्त एसीची. बॅटरीवर यंत्र चालू होतं आणि पडद्याचा हिरवा उजेड तेवढा होता. फोनची लाइन होती, पण ती सरळ यंत्रात गेलेली, बोलायला रिसीव्हर नाही! यंत्राची ऊब हळूहळू खोलीत भरायला लागली.

छातीत पहिली शिट्टी वाजली.

ज्यांना दमा आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळणार नाही. श्वास आत जातो, बाहेर येत नाही. पंप भिंतीपलीकडे खणात, माझ्यापासून चार पावलांवर. सोमवारी सकाळी दार उघडेल, तोवर मी नसेन, हे मला अगदी स्वच्छ दिसलं. मी रडले. आईची भयंकर आठवण आली आणि तिचा रागही आला. शपथेवर गप्प राहायला सांगितलंस ना, घे आता.

एकच वाट होती. आमच्या सांगलीच्या ऑफिसातला टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, सहा नंबरला जोडलेला होता. शनिवारी दुपारी तिथे कुणी नसणार, हे मला माहीत होतं. तरी मी टाइप केलं, इंग्रजी अक्षरांत मराठी, तेव्हा तसंच करायचो — "मी सुजाता. साताऱ्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये अडकले आहे. दार उघडायला कुणाला तरी पाठवा."

पडद्यावर खालीच उत्तर उमटलं.

"मी सुजाता. साताऱ्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये अडकले आहे. दार उघडायला कुणाला तरी पाठवा."

माझंच वाक्य परत आलं होतं. यंत्रं असं करतात कधी कधी, लाइन खराब असली की. मी डोकं टेबलावर ठेवलं. परत वर बघितलं, तर खाली आणखी एक ओळ आलेली होती. ती मी टाइप केलेली नव्हती.

"खाली बस. हळू श्वास घे. तोंडानं नको."

अंगावर काटा आला म्हणतात, तसा नाही आला. आधी संताप आला. ऑफिसातलं कुणी तरी सांगलीत बसून माझी चेष्टा करतंय! कप्प्यात आत्ता कोण कोण आहे आणि कुठून, हे विचारायची एक आज्ञा असते. ती दिली. दोन ओळी आल्या. दोन्हींत माझंच नाव. आणि कुठून, तर दोन्हीपुढे एकच — याच खोलीतला, याच टेबलावरचा टर्मिनल.

मी मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं. खोली एवढीशी, लपायला जागाच नव्हती.

"कोण आहेस?" मी विचारलं.

"तूच सांग."

"आईनं काय कुणाला सांगू नको म्हणून सांगितलंय?"

उत्तर यायला वेळ लागला. अक्षरं माझ्यासारखीच चुकत, खोडली जात येत होती.

"दमा. शपथ घातलीय. देव मानत नाही आपण, तरी तिनं शपथ घातली आणि तू मानलीस."

हे शेवटचं मी कुणाशी बोलले नव्हते. मनातल्या मनातच म्हटलं होतं, येताना, एसटीत.

"तू कुठे आहेस?"

"आत."

"दार?"

"बंद. पंप खणात."

मग आम्ही दोघी आपापला श्वास मोजत बसलो. हो, "दोघी" असंच मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. विचित्र म्हणजे माझी भीती जरा कमी झाली. कुणीतरी सोबत आहे एवढ्यानंच. छातीची शिट्टी मात्र वाढत होती. ओठ बधिर व्हायला लागले. टाइप करायला हात उचलणंसुद्धा जड झालं.

तिनंच लिहिलं, "एकीला जायला हवं."

"कशी जाणार?"

"माहीत नाही. तू बस. मी जाते."

मी "नको" असं लिहिलं, ते पूर्ण झालं की नाही आठवत नाही. नको का म्हटलं तेही सांगता येणार नाही. एकटं राहायची भीती असेल. बॅटरीची शिट्टी वाजायला लागली, पडदा एकदा लुकलुकला आणि विझला. त्यानंतर नुसता काळोख होता. मी भिंतीला टेकून बसले आणि तिनं सांगितलं तसं नाकानं श्वास घेत राहिले.

दार उघडलं तेव्हा उजेड डोळ्यांत घुसला. दारात गेटवरचे वॉचमन जाधवकाका, मेढ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. हातात किल्ल्यांचा जुडगा. माझ्याकडे बघून ते दोन पावलं मागे सरले. फौजी माणूस, पण तोंडाचा रंग उडाला होता.

मी हातानं खण दाखवला. त्यांनी खण उघडला, पर्स आणली. पंप घेतला. छाती हळूहळू मोकळी झाली. त्या पहिल्या पुऱ्या श्वासाइतकं गोड मी आयुष्यात काही चाखलेलं नाही.

"आवं मॅडम... तुमी आत कवा आला?" काका विचारत होते.

"सकाळपासून आतच आहे काका. तुम्हाला कसं कळलं?"

"न्हाई वं. आत्ता तर तुमी गेटवर हुता! तुमीच म्हनला न्हवं, काका, किल्ली घ्या, आत बाई अडकलीया, तिला दमा हाय, लय येळ न्हाई म्हनून."

मी अंगावरची ओढणी चाचपली.

"ही ओढणी, हीच. अनवाणी हुता. डांबरावर पाय भाजत हुतं तुमचं, ह्या पायावरनं त्या पायावर करत हुता. मी म्हनलं चप्पल कुटं हाय? तर म्हनला, चप्पल न्हाई म्हनून तर कुनाला कळलं न्हाई. मग मी माज्या काडून दिल्या. म्हनलं घाला, आन् बसा सावलीला, मी बगून येतो."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. काका अनवाणी होते.

आम्ही गेटवर गेलो. लिंबाच्या सावलीत त्यांची खुर्ची होती, रिकामी. रस्ता दोन्हीकडे मोकळा, ऊन मी म्हणत होतं. काकांच्या चपला कुठेच नव्हत्या. जाड चामड्याच्या, टायरचा तळ असलेल्या, सहजासहजी हरवाव्यात अशा नव्हेत. माझ्या चपला तेवढ्या जिन्याच्या खिडकीत सापडल्या. मी काकांना चपलांचे पैसे देऊ केले, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दिल्या त्या दिल्या." आणि त्यांनी मला सांगलीच्या एसटीत बसवून दिलं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. दम्याची गोष्ट त्याच आठवड्यात मुलाकडच्यांनाही सांगून टाकली. एक स्थळ गेलं, दुसरं राहिलं. जे राहिलं ते आज शेजारच्या खोलीत घोरतंय. डॉक्टरांचं म्हणणं, हवा कमी पडली की मेंदू काहीही दाखवतो, माणूस स्वतःशीच बोलतो. पटलं. मी तेच मानते. मात्र जाधवकाका उघड्यावर लिंबाखाली बसले होते, त्यांच्या मेंदूला हवेचा काय तोटा होता, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसात मी तो तक्ता पुढे घेऊन बसले होते. साताऱ्यापुढच्या सगळ्या खुणा "आहे"च्या रकान्यात. साहेब मागून बघून म्हणाले, "मग साताराच ना?" तेवढ्यात फोन वाजला. कदम होता. आधी माफी मागायला लागला, घडाघडा, जीभ अडखळत. मग थांबला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. आज मी आलो तर रूमबाहेर चपला. जाधवकाकांच्या. नीट जोडीनं काढून ठेवलेल्या. कुलूप तसंच, शनिवारी काकांनी पुन्हा लावलेलं. मला वाटलं आता कोण आत... उघडलं तर आत कुणी नाही."

मी हातातलं पेन तक्त्यावर ठेवलं.

"लाइट आल्यावर यंत्र आपोआप उभं राहिलंय. सगळे कप्पे बंदच आहेत, फक्त सहा नंबरमध्ये कुणीतरी आहे. तुमचं नाव दिसतंय. सांगलीहून तुम्ही आत आलाय का?"

माझा टर्मिनल माझ्यासमोर होता, कव्हर घातलेला.

"नाही," मी म्हटलं.

"मग बंद करू का?"

त्या खोलीतली ती ऊब, तो हिरवा उजेड, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. ती बाहेर पडली होती. डांबरावर तिचे पाय भाजले होते. समोर एसटी स्टँडचा रस्ता मोकळा होता, पायात चपला होत्या... आणि तरी ती परत आत गेली, रिवाजाप्रमाणे चपला बाहेर काढून. एकाला थांबावं लागतं.

"नको," मी म्हटलं. "दार तेवढं उघडं ठेवा."

"मॅडम, एसी चालू आहे. दार उघडं कसं ठेवणार?"

तक्त्यात मी कोल्हापूरचं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, अगं, त्यांच्याकडे नकलेची सोय नाही. मी म्हटलं, म्हणूनच.

हे काय होतं ते मला आजही माहीत नाही. वडिलांच्या पालुपदाप्रमाणे मी स्वतःचंसुद्धा ऐकून खरं मानत नाही. पुढच्या उन्हाळ्यात लग्नाची पत्रिका द्यायला मी साताऱ्याला गेले होते, जाधवकाकांना. काकांच्या पायात नव्या चपला होत्या. जुन्या अजून त्या लोखंडी दाराबाहेर, तिथेच. मावशी त्यांच्या कडेकडेनं फरशी पुसत होत्या. मी म्हटलं, काका, तुमच्याच आहेत, घालत का नाही?

काका दाराकडे बघत म्हणाले, "आत मानूस हाय तवर चप्पल हलवायची न्हाई, पोरी."